झोपताना लावणे

कामठा
१५ जानेवारी २००७

दुलारीबाई,

माझं अक्षर तुले ओळखू येईल की नाही माहीत नाही. मी योगी, तुझी लहान बहीण. तू गेली तेव्हा मी दहावीत होती, आता बी.ए. होऊन घरी बसली आहे.

पत्ता कुठून मिळाला म्हणशील. शेजारच्या बकारामकाकाचा पुतण्या नागपूरले लग्नाचा बस्ता घ्यायले गेला होता. त्यानं तुझा बोर्ड पाहिला नि कार्ड घेऊन आला. 'रुचि ब्युटी पार्लर'. ही रुचि कोण हे मले विचारायचं आहे. पोरगी आहे काय तुझी? म्हणजे मी मावशी झाली नि मले कोणी साखरसुद्धा दिली नाही! कार्डावरच्या नंबरले मी गोंदियाच्या पीसीओवरून दोनदा फोन केला. दोन्हीदा तू 'हॅलो' म्हटलं, मी 'बाई' म्हटलं, नि तू ठेवून दिला. म्हणून पत्र लिहून राहिली. फाडायचं असेल तर फाड, पण वाचून फाड.

घाबरू नको, पैसे नाही मागत, नि कोणी मेलंही नाही. काम तुझ्याच धंद्यातलं आहे.

माझं लग्न जुळून राहिलं. नागऱ्याचे बिसेन. पोराचं नाव ओमेश्वर, त्याचं खत-बियाण्याचं दुकान आहे. पाहायले आले तेव्हा सगळ्यायनं मले स्वयंपाक, शिवण, शिक्षण विचारलं, नि त्यानं विचारलं, "तुमाले दुकानात बसायले आवडेल काय? मले एकट्याले लय कंटाळा येते." त्याची माय गीताबाई डोळे वटारून त्याच्याकडे पाहून राहिली. मले हसू आलं, त्यालेही आलं. मले तो आवडला, बाई. हे मी मायले सांगितलं नाही, तुले सांगून राहिली.

होळी झाली की साखरपुडा. अन् नेमकं आताच माझ्या चेहऱ्याचं वाटोळं झालं. डोळ्याखाली काळं, कपाळावर नि गालावर पुटकुळ्या, ओठ फाटलेले. रंग असा की कितीही धुतलं तरी तोंड न धुतल्यावानी दिसते. माय म्हणते नजर लागली. मीठ-मोहरी ओवाळून झाली. हळद, बेसन, साय सारं झालं. काकू म्हणाली टमाटर चोळ, चोळलं. मग म्हणाली लिंबू चोळ. लिंबानं अशी आग झाली की अर्धी बादली मी तोंडावर ओतली. आता फक्त वांगं चोळायचं राहिलं.

तुझ्याकडे रोज नवऱ्या येत असतील. मले सांग काय लावू. दोन ओळी लिहिल्या तरी चालते.

बाकी घरी सारं बरं आहे. बाबूजीची तब्येत एकदम चांगली. यंदा उन्हाळी धान लावला आहे. मोटारीची लाइट रात्रीच राहते, म्हणून बाबूजी रात्री शेतात पाणी फिरवायले जातात. एवढंच.

तुझी
योगी


कामठा
२ फेब्रुवारी २००७

दुलारीबाई,

तुझं उत्तर नाही. पोस्टमनले रोज विचारते, तर आता तो मले पाहून सायकल दुसऱ्या गल्लीतून काढते.

माय मले गोंदियाले चामडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर बुढा माणूस, चांगला होता. भिंगातून माझे गाल पाहिले, खालची पापणी ओढून पाहिली, नि विचारलं, "रात को नींद कितनी होती है?" मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "खूब सोती है डॉक्टरसाब. नऊ बजे सोयी के सकाळी उठाना पडता है." मायची हिंदी तुले माहीतच आहे. मी मायकडे पाहिलं, तर माय कॅलेंडर पाहून राहिली.

मग डॉक्टरनं समजावून सांगितलं. म्हणे कातडी दिवसभर ऊन खाते, धूळ खाते, नि रात्री माणूस झोपला की ती स्वतःची डागडुजी करते. झोप नसली की डागडुजी होत नाही. डोळ्याखालची कातडी पातळ राहते, तिथं काळं दिसते. चेहऱ्यावर तेल सुटते, पुटकुळ्या येतात, रंग उतरतो. "मले तर पाहता पाहता वाटलं होतं की पोरगी महिनोन् महिने झोपली नाही," तो म्हणाला. "पण माँजी म्हणतात झोप चांगली आहे, तर पोटाचं असेल." पोटाच्या गोळ्या दिल्या. मी खाऊन राहिली. माझं पोट आधीही चांगलं होतं, आता फारच चांगलं आहे.

मायनं खोटं काऊन सांगितलं? बाहेर बाकावर नागऱ्याच्या दोन बाया बसल्या होत्या आणि दार अर्धं उघडं होतं.

मी मायले म्हटलं, मग दिवसा झोपू दे. तर माय दाराची कडी लावू देत नाही. दिवसाढवळ्या झोपणारी पोरगी म्हणजे एक तर आळशी नाही तर पोटुशी, गावाले तिसरं काही सुचतच नाही म्हणे. दुपारी डोळा लागला की माय भांडं आपटते. परवा तांदूळ निवडता निवडता सुपात तोंड पडलं. कपाळावर तांदळाचे दाणे चिकटले ते संध्याकाळी दिसले.

मी रात्री काऊन झोपत नाही, हे मले विचार. तू विचारल्याशिवाय मी सांगणार नाही. एवढा मानपान मलेही आहे.

योगी


कामठा
१३ फेब्रुवारी २००७

बाई,

घातला मानपान चुलीत. तू विचारत नाही, मीच सांगते.

काल गीताबाई आल्या. सांगावा नाही, काही नाही. भर दुपारी, सोबत त्यायची जाऊ. मी सपरीत, म्हणजे दारापुढच्या पडवीत, धानाच्या पोत्याले टेकून झोपली होती, तोंड उघडं टाकून. डोळे उघडले तर समोर दोघी उभ्या. गीताबाई म्हणाल्या, "उठ माय, उठ, आंगणात ये." नि माझी हनुवटी धरून मले उन्हात उभी केली. "त्या दिवशी दिवाबत्तीची वेळ होती, पावडर होती. उन्हात पाहिलेलं बरं राहते." या गालाकडून पाहिलं, त्या गालाकडून पाहिलं. मग हळूच विचारलं, "रात्री जागते काय वो?"

माय धावत आली. म्हणाली, परीक्षेचा अभ्यास करते. मी बी.ए. होऊन वर्ष झालं हे त्यायले पक्कं माहीत आहे, कारण पसंतीच्या दिवशी मायनंच पेढे देऊन सांगितलं होतं. गीताबाईनं माझी हनुवटी सोडली. तेवढ्यात बाबूजी आतून आले, गीताबाईसमोर उभे राहिले, नि म्हणाले, "तुमी कोन?"

माय एवढ्या जोरानं हसली, एवढ्या जोरानं हसली! "यायची मस्करीची सवय काही जात नाही." बाबूजीनं आयुष्यात मस्करी केली नाही, हे तुले सांगायले नको.

तर ऐक. दिवाळीपासून बाबूजीचं बिघडलं आहे. दिवसा बरे राहतात, नावं विसरतात, पण बसून राहतात. दिवस बुडला की सुरू होते. उठतात, चप्पल घालतात, टॉर्च घेतात. कुठं चालले विचारलं तर म्हणतात, "दुलारीले आणायले. शेवटची बस येऊन गेली असेल, पोरगी स्टँडवर एकटी बसली असेल." तू गोंदियाले कॉलेजात जात होती तेव्हा ते तुले घ्यायले जात, तिथंच येऊन थांबले आहेत ते. तुले घराबाहेर काढलं हे विसरले. तू कोणाशी लग्न केलं तेही विसरले. ज्या माणसानं सात वर्षं तुझं नाव घरात कोणाले घेऊ दिलं नाही, तो आता रात्रभर तेच नाव घेते.

मी माझ्या ओढणीचं टोक त्यायच्या मनगटाले बांधते, दुसरं माझ्या. ते उठले की ओढ बसते. मग मी बसवते, पाणी देते, समजावते. सकाळी बस आहे, सकाळी जाऊ. ते बसतात. मग मी आडवी होते, नि मले वाटते आता झोप लागली, तेवढ्यात पुन्हा ओढ. आधी मी नि माय पाळी करत होतो. पण मायची शुगर वाढली, तिले चक्कर येते, म्हणून आता मीच.

घरात कोणाच्या डोक्याचं बिघडलं आहे हे बाहेर गेलं, तर ही पोरगी कोण करणार? माय म्हणते, आधी तुझं होऊ दे, मग सांगू जगाले. म्हणून सगळ्यायले सांगितलं आहे की बाबूजी मोटार लावायले जातात. गल्लीतले सगळे गडीमाणसं रात्री टॉर्च घेऊन शेतातच राहतात, लाइटच रात्री येते. कोणाले संशयही येत नाही. मोटार खरं तर सालदार लावते.

आता मागायचं ते मागते. तू ये. पंधरा दिवस ये. रुचिले घेऊन ये, जावईबापूले घेऊन ये, कोणी काही म्हणणार नाही. म्हणणारा माणूसच उरला नाही. तू समोर दिसली तर बाबूजी झोपतील. ते झोपले तर मी झोपीन. मले साडी नको, क्रीम नको, लग्नात आहेरही नको.

तुझी
योगी


कामठा
२५ फेब्रुवारी २००७

दुलारी,

पार्सल मिळालं.

पोस्टमननं आवाज दिला तेव्हा मी अनवाणीच धावली. खोकं उघडलं. वरून कापूस, आतून कापूस, कापसात एक डबी. आणखी काही असेल म्हणून खोकं उलटं करून झटकलं. डबीवर तुझ्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवली आहे: 'रात्री झोपताना लावणे.'

झोपताना! कोणत्या झोपताना वो? तुले लाज कशी वाटली नाही? मी तुले काय लिहिलं नि तू काय पाठवलं? तुझ्या दुकानात येणाऱ्या बाईलेही तू यापेक्षा जास्त बोलत असशील. मी एक वेळ समजली असती की तुले पत्रच मिळालं नाही. पण मिळालं. वाचलं. वाचून तू कपाटातून डबी काढली, कापसात गुंडाळली नि पोस्टात टाकली.

बाबूजीनं तुले जे केलं ते मी दाराच्या मागे उभी राहून पाहिलं आहे. तुझी पेटी त्यायनं आंगणात फेकली, कपडे चिखलात पडले, ते तू एकेक उचलले. कोणी हात लावला नाही. तू न यायचं ठरवलं तर तुले कोण काय म्हणेल? मी तर म्हणणार नाही. पण मग डबीही पाठवायची नव्हती.

ओमेश्वर परवा येऊन गेला. धानाले युरिया पाहिजे होता, तर गडी पाठवायचा सोडून स्वतःच ट्रॅक्टर घेऊन आला. बोऱ्या उतरवून झाल्यावर मी पाणी दिलं. तो म्हणाला, "तुमाले काही त्रास आहे काय? माय काहीबाही बोलून राहिली. मले तुमच्याकडून ऐकायचं आहे." एवढं सरळ मले कोणी कधी विचारलं नाही. ओठावर आलं होतं, बाई. सगळं. पण माय दारात उभी होती, हातात लाटणं. मी म्हटलं, "पोटाचं आहे, डॉक्टरनं गोळ्या दिल्या." तो म्हणाला, "बरं." गिलास ठेवला नि गेला.

साखरपुडा ११ मार्चले, रविवारी. दुलारी, येत असशील तर आता ये.

योगी


कामठा
१० मार्च २००७

बाई,

उद्या. आंगण सारवून झालं, रांगोळीचे ठिपके टाकून ठेवले आहेत. दिवसभर घरात एकच बोलणं, नागऱ्याले पोरगी देऊन राहिलो, नागऱ्याचे लोक येणार, नागऱ्याचे किती पान वाढायचे. बाबूजीही आज खुशीत होते, ज्याले त्याले विचारून राहिले, "पोरगी कुठं दिली? नागऱ्याले काय?"

माय म्हणते आज तू झोप, मी बाबूजीजवळ बसते. तोंडावर थोडं तेज येऊ दे. मी म्हटलं तुले चक्कर येईल. तर म्हणाली, "एका रातीनं मी मरून नाही राहिली. झोप म्हटलं ना."

तुझी क्रीम काढली. राग गेला नाही, पण वास चांगला आहे. लावून राहिली.

योगी


कामठा
१६ मार्च २००७

दुलारीबाई,

त्या रात्री मी झोपली. पाठ टेकली नि मेली. सकाळी मायच्या ओरडण्यानं उठली. ओढणी मायच्या मनगटाले बांधलेली होती, दुसरं टोक मोकळं. मायले दोष देऊ नको. तिच्याही अंगात महिन्यांची झोप साचली होती.

आम्ही स्टँडवर पाहिलं. विहिरीत पाहिलं. नहराच्या काठानं माय केस मोकळे सोडून धावून राहिली होती. तेव्हा बकारामकाका म्हणाले, "मले गल्लीच्या तोंडावर भेटले ना शिवलालभाऊ. हातात टॉर्च होता. मी म्हटलं, लाइट आली काय? तर म्हणाले, हो, जाऊन येतो. मी कायले अडवीन बापा? तुमीच तर म्हणता रोज मोटारीवर जातात." नि काका तिथंच डोकं धरून बसले. बाबूजीले त्या रात्री आणखी दोघं भेटले होते. त्यायनंही रामराम घातला नि जाऊ दिलं. आम्हीच सांगून ठेवलं होतं तसं.

नऊच्या सुमारास बिसेनांची जीप आली. साखरपुड्याची नाही. पुढे बाबूजी बसले होते, अंगावर कोणाची तरी शाल. मागे गीताबाई नि ओमेश्वर.

बाबूजी चालत नागऱ्याले गेले होते. दिवसभर कानावर नागरा नागरा पडलं ना. पहाटे देवळाजवळच्या लोकायले विचारलं, कामठ्याच्या शिवलाल रहांगडालेची पोरगी कोणाकडे दिली. लोक भले, हात धरून बिसेनांच्या दारात नेऊन सोडलं. दारात मांडवातल्यावानी गर्दी, सगळे पाहुणे आंघोळी करून तयार. बाबूजी मधोमध उभे राहिले नि म्हणाले, "माझी दुलारी पाठवा. रात्र झाली. तिले अंधाराचं भेव वाटते."

गीताबाईनं त्यायचे पाय धुतले. रक्त निघून राहिलं होतं. चहा दिला, पोहे दिले. हे खरं ते सांगितलं पाहिजे.

मग आमच्या आंगणात उभ्या राहून मायले म्हणाल्या, "सुमित्राबाई, तुमच्या मोठ्या पोरीचं आमाले आधीच माहीत होतं. ते आमी पोटात घातलं होतं. या पोरीच्या डोळ्याखालचं काळं पाहून मी घरी म्हटलं, ही कोणासाठी तरी जागते. आज समजलं कोणासाठी. पोरगी सोन्यावानी आहे. पण तुमी माझ्या तोंडावर खोटं बोलल्या. उद्या आणखी काय निघेल, मले कोण सांगीन?"

मायनं हात जोडले. गीताबाईनं तिचे हात खाली केले नि जीपकडे गेल्या. ओमेश्वर मागे राहिला होता. मले वाटलं आता हा काही बोलेल. तो म्हणाला, "मी विचारलं होतं तुमाले." एवढंच म्हणाला नि गेला.

मी खोलीत जाऊन पाहिलं तर चेहरा खरंच बरा दिसून राहिला होता. एकाच झोपेनं. मी आरसा पालथा घातला.

मले सगळ्यांत जास्त राग कोणाचा आला सांगू? गीताबाईचा नाही, मायचा नाही. तुझा आला. तू इथं असती तर बाबूजी तुले शोधायले नागऱ्याले कायले गेले असते?

योगी


कामठा
२९ एप्रिल २००७

दुलारीबाई,

दीड महिना मी लिहिलं नाही. झोपून राहिली होती.

खरंच. आता लपवायचं काही उरलं नाही, तर लोकच दारात आले. बकारामकाका म्हणाले, आजपासून शिवलालभाऊ माझ्याकडे. ज्याची मोटार चालू राहते तो बाबूजीले सोबत शेतात घेऊन जाते. बाबूजी बांधावर बसतात, पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात कसं जाते ते पाहतात, मधून मधून "इकडची माती ओढ" म्हणून हुकूमही सोडतात. थकून येतात नि काकाच्या सपरीत पडतात. गल्लीले सांगितलेलं आमचं खोटं गल्लीनंच खरं करून टाकलं. हे दिवाळीतच सांगितलं असतं तर, असं माय रोज म्हणते.

मी आधी नुसती झोपली. दिवसाही, रात्रीही. माय भांडं आपटत नाही आता. मग हळूहळू पुटकुळ्या सुकल्या. डोळ्याखालचं काळं गेलं. ओठ भरले. एक दिवस नहाणीतून आली तर माय माझ्याकडे पाहतच राहिली. मग पदर तोंडाले लावून रडली. "आता उजळली," म्हणाली. "आता काय करू मी याले?" ओमेश्वरचं लग्न कामठ्यापासून लांब कुठं तरी ठरलं आहे. मले वाईट वाटते. तुले खोटं कायले सांगू, लय वाईट वाटते.

पण पत्र त्यासाठी लिहून राहिली नाही.

गेल्या आठवड्यात मी केस सुकवत आंगणात उभी होती. बाबूजी काकाकडून आले, फाटकात थांबले. माझ्याकडे पाहून राहिले. मग टॉर्च खाली पडला त्यायच्या हातातून. म्हणाले, "आली काय दुलारी? केव्हा आली? आवाज काऊन नाही दिला?"

माय म्हणते मी आता हुबेहूब तुझ्यावानी दिसते, तू गेली त्या वयाची. मले आठवत नाही. बाबूजीले आठवते. त्यायनं माझे दोन्ही हात धरले, नि माझ्यासमोर, चिखलात पेटी फेकणारा तो माणूस, लेकरावानी रडला. "मी तुले लय बोललो ना माय. तुझे कपडे चिखलात फेकले. मले माफ कर." म्हणजे विसरले नव्हते, बाई. कुठं तरी खोल होतं. मी काय करू? मी म्हटलं, "केलं बाबूजी." तुझी माफी मी घेतली आणि तुझ्या वतीनं मीच दिलीही. माझा हक्क नव्हता. पण ते त्या रात्री घरीच झोपले. रात्रभर, एका कुशीवर.

मले वाटलं संपलं.

दुसऱ्या दिवशी दिवस बुडला नि ते उठले. चप्पल घातली, टॉर्च घेतला. मी विचारलं, "आता कुठं? मी तर आली." तर म्हणाले, "योगी आली नाही अजून. योगीले आणायले जातो."

मी म्हटलं, "बाबूजी, मी योगी आहे." ते हसले. डोक्यावर हात ठेवला. "तू दुलारी आहे. मले माझ्या पोरी ओळखू येत नाही काय? योगीचा चेहरा असा नाही. तिच्या डोळ्याखाली काळं आहे. बिचारी रात्रभर झोपत नाही माझ्यापायी."

एवढे महिने त्यायले माहीत होतं, बाई. मी समजत होती की त्यायले काहीच समजत नाही.

आता रोज तेच. स्टँडवर योगीले पाहतात, नहरावर योगीले आवाज देतात. काका सोबत असतात, ते सांभाळतात, पण आवाज घरापर्यंत येतो. "योगी वो, योगी!" मी आंगणातून "ओ" देते, तर म्हणतात, "दुलारी, तू थांब घरात. मी तिले घेऊन येतो." एकदा माझ्यासमोरच बसून मायले म्हणाले, "मोठी आली, पण लहान गेली. माझ्यापायी गेली असेल." माय उठून आत गेली.

तू आली असती तर कदाचित दोघी शेजारी बसून त्यायले दिसलो असतो. पण आता तुले ये म्हणत नाही. तुले यायचं असतं तर तू आली असती.

माय झोपली आहे. मी आज झोपणार नाही, उद्याही नाही. चहा करून ठेवला आहे. डोळ्याखाली थोडं काळं आलं की सकाळी त्यायच्या समोर जाऊन बसीन.

योगी